आप्पांचा तांब्या

आमचे सासरे न्हाणीमागच्या आडोशाला लघवीला गेले, की मी स्वयंपाकघरात भांडी वाजवायला घ्यायची. घासून पालथी घातलेली पातेली पुन्हा उचलायची आणि राखेचा हात मारायची. घासायला काहीच नसलं तर उलथणं घेऊन कढईची कड उगीच खरवडत बसायची. शेजारणीला वाटायचं, हिला कामाचं भलतंच वेड आहे. कामाचं कसलं वेड? न्हाणीचा कूड पातळ होता आणि पलीकडचं सगळं ऐकू यायचं. थेंब थेंब पडायचे, थांबायचे, मग एक लांब कण्हणं, मग पुन्हा दोन थेंब. आपलं हे सुनेच्या कानावर जातं असं त्यांना वाटू नये, म्हणून माझा तो खटाटोप. आणि त्यांनाही तो कळत असावा, कारण पुढे पुढे भांडी वाजायला लागल्याशिवाय ते आडोशाला जायचे नाहीत.

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, असं म्हणतात. आमच्याकडे वैद्य जावई नव्हता, पण सून होती, आणि ते त्याहून वाईट. जावई निदान दोन दिवसांचा पाहुणा असतो. सून धोतरं धुते, अंथरूण उन्हात घालते, तांब्या भरते, तिच्यापासून काय लपणार? आप्पांचं दुखणं माझ्या नवऱ्याच्या आधी मला कळलं होतं. आणि कळूनही मी तोंड उघडलं नाही, तेच आज या म्हातारपणी लिहायला बसले आहे.

हे निजामाच्या अमलातलं, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतलं. पिंगळीला स्टेशनच्या वाटेवर आमचं दुकान होतं. मीठ, गूळ, घासलेट, सुंभ, दोर, असलं सगळं. मागे घर. आम्ही लिंगायत. आप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असायचं आणि सकाळची पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत. ताप असो, प्रवास असो, वैशाखाचं ऊन असो, त्यात बदल नाही. अंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याकडे एकटक बघत बसायचं. पूजा आटोपली की मी ओसरीच्या खांबापाशी पाण्याचा तांब्या ठेवायची. दुपारी एकदा भरायची, दिवेलागणीला एकदा. त्या तांब्याशिवाय माझा आणि त्यांचा संबंध असा नव्हताच. काही हवं असलं तर ते खांबाकडे बघून बोलायचे आणि मी खांबाच्या वतीने ऐकायची.

एकदाच ते माझ्या बाजूने बोलले होते. लग्न होऊन दोन महिने झाले असतील. माझ्या माहेरी बायका महिन्याच्या त्या चार दिवसांतही लिंगपूजा करत, कुणी बाजूला बसत नसे. आमच्या पंथाची रीतच तशी. पण सासूबाईंनी गावातल्या इतर घरांचं बघून वेगळं शिकून घेतलं होतं. मी त्या दिवसांत पूजेला बसले तर त्यांनी आरडाओरडा केला, "बाजूला बस म्हणलं तर बसायला काय हुतंय तुला? माहेरी काही वळणच न्हाई व्हय?" माहेर काढल्यावर मी कसली गप्प बसते. मीही उलट बोलले. सगळी आळी ऐकत होती. तेवढ्यात आप्पा ओसरीवरून खांबाला म्हणाले, "लिंगवंताला इटाळ न्हाई. अंगावर लिंग हाय तवर मानूस सोवळाच. करू द्या तिला." एवढं बोलून दुकानात निघून गेले. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण तो विषय कायमचा संपला. त्या एका वाक्याच्या जोरावर मी त्या घरात दहा वर्षं ताठ मानेने राहिले.

मग सासूबाई गेल्या, आणि त्या गेल्यावरच आप्पांचं दुखणं वाढलं. बायको नवऱ्याला विचारू शकते, तसं सुनेला विचारता येत नाही. मुलाला विचारता येतं, पण माझा नवरा, त्यांना मी मालक म्हणायची, बापासमोर मान वर करून कधी बोलला नाही. घरात तीन माणसं आणि तिघांच्याही तोंडाला कुलूप. आप्पा गादीवरून दर अर्ध्या तासाला उठायला लागले. गिऱ्हाईक ताटकळायचं. पोखर्णीचा एक म्हातारा थट्टेने म्हणायचा, "शेटजी, मीठ द्या आन् मंग जा, तवर माझी गाडी सुटती." आप्पा हसायचे. पुढे पुढे ते आपलं धोतर आपणच धुवायला लागले. आयुष्यात ज्यांनी स्वतःचा पेला विसळला नाही, ते पहाटे उठून न्हाणीत धोतर पिळताना मी पाहिले आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

गोखरूचा काढा झाला. पळसाच्या फुलांचा शेक झाला. मग माघातल्या एका सोमवारी लघवी साफ तुंबली. ओटीपोट फुगून दगडासारखं झालं, आप्पा भिंतीला डोकं टेकून उभे आणि घाम धोतरापर्यंत. मालकांनी त्यांना धरून स्टेशनवर नेलं. परभणीला उतरल्यावर स्वयंपाकाला बाई हवी म्हणून मीही बरोबर. आप्पा परक्या हातचं खात नसत आणि बाजारचं तर नाहीच. आमच्या मठाच्या आवारात वाटसरूंसाठी एक खोली होती, तिथे मी चूल मांडली.

हैदराबादहून आलेले एक म्हातारे मुसलमान डॉक्टर होते, खाजगी दवाखाना चालवायचे. रबरी नळी उकळून त्यांनी लघवी मोकळी करून दिली. मी दाराला लावलेल्या बांबूच्या चिकाच्या पडद्याबाहेर पायरीवर बसले होते. आतून आप्पांचा असा उसासा ऐकू आला की माझेच डोळे भरून आले. मग डॉक्टर बोलायला लागले. आता सगळे प्रोस्टेट म्हणतात, ते गदूद म्हणाले. म्हातारपणी पुरुषाच्या आतली ती गाठ वाढते आणि लघवीच्या वाटेवर दाबते. इलाज म्हणजे हैदराबादला जाऊन ऑपरेशन. ओटीपोटाला चीर देऊन आधी नळी बसवायची, काही आठवड्यांनी गाठ काढायची, आणि तोवर त्या नळीतून लघवी बाहेर येत राहणार.

"गळत ऱ्हाईल म्हंजे अंगावरच?" आप्पांनी विचारलं.

"हौ. कपडा बांधके रैना पडता."

"दिवसभर?"

"दिन-रात."

पडद्याच्या फटीतून मला दिसलं, आप्पांचा हात छातीवरच्या डबीकडे गेला. डॉक्टरांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. ते समजावत राहिले, की नुसती गाठ मोठी आहे म्हणून मी कुणाला चिरायला पाठवत नाही. मसाना, म्हणजे मूत्राशय, किती काम करतं ते आधी तपासायचं. "आठ दिन के बाद आना. पानी खूब पीके आना. पैले तुमी करना, बाद में मैं नली डालके देखता, अंदर कितना रैगया." जास्त उरलं तर मूत्राशय थकलं आणि ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. कमी उरलं तर औषधावर भागेल.

परतीच्या गाडीत मी बाकाच्या टोकाला पाठ करून बसले होते. आप्पा हळू आवाजात मालकांना म्हणाले, "अंगावर मूत गळायलाय आन् लिंग हातात कसं घ्यायचं? पूजा न्हाई तर पानी न्हाई. मंग जगून तरी काय करायचं?" मालक म्हणाले, "बघू की आप्पा. आधी तपासनी तर हू द्या." माझ्या जिभेच्या टोकावर त्यांचंच वाक्य आलं होतं. लिंगवंताला इटाळ न्हाई. पण सासऱ्यासमोर सुनेने बोलायचं, आणि तेही कशाबद्दल? मी पदर पुढे ओढला आणि खिडकीबाहेर ज्वारीची वावरं बघत बसले.

त्या आठ दिवसांत तांब्या बोलायला लागला. पहिल्या दिवशी दुपारी बघते तर सकाळचा तांब्या गळ्यापर्यंत तसाच. दुसऱ्या दिवशीही. मला कळेना की डॉक्टर पाणी पी म्हणतो आणि हे पीत का नाहीत. तिसऱ्या दिवशी तांब्या रिकामा दिसला, बरं वाटलं. पण अंगणात गेले तर बेलाच्या रोपाखालची माती ओलीचिंब. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत किती उरतं ते डॉक्टर मोजणार, तर आत काही जाऊच द्यायचं नाही, म्हणजे उरणार नाही. शाळेच्या परीक्षेला पाटीवर आधीच उत्तर लिहून न्यावं, तशी त्यांनी तयारी चालवली होती.

मी मालकांना सांगितलं, "आप्पा पानी पीत न्हाईत. बेलाला घालायलेत."

मालक चिडले. "तू त्यांच्या पान्यावर ध्यान ठिवून बसतीस व्हय? बापमानूस हाय, त्यांला कळतंय त्यांचं."

एवढ्यावर मी थांबले. खरं तर मालकांना हाताला धरून बेलापाशी न्यायला हवं होतं. पण मनात असंही आलं की ऑपरेशन टळलं तर बरंच आहे. मीही घाबरले होते. पोट चिरायचं, हैदराबादला जायचं, आणि तिथून आमच्या ओळखीचं कुणी परत आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी पहिल्या गाडीने परभणीला गेलो. डॉक्टरांनी दुपारी बोलावलं होतं आणि सकाळपासून दोन तांबे पाणी पोटात गेलं पाहिजे असं बजावलं होतं. आप्पांनी मठाच्या विहिरीवर अंघोळ केली आणि ते पूजेला बसले. रोजची पूजा अर्ध्या तासाची. त्या दिवशी सूर्य डोक्यावर आला तरी उठेनात. मालक दोनदा दारात जाऊन परत आले. पूजेतल्या माणसाला हाक मारायची नसते आणि पूजा झाल्याशिवाय पाणी द्यायचं नसतं. आमचीच रीत, आणि तिच्याआड ते जाऊन बसले होते. उठले तेव्हा हातावरचं चमचाभर तीर्थ घेतलं आणि म्हणाले, "चला, टाइम झाला." मग तीन वेळा आडोशाला जाऊन आले. मालक म्हणाले, "आप्पा, पानी प्या म्हणलं हुतं डॉक्टरनं." आप्पा म्हणाले, "पिलो की." मी भरलेला तांब्या हातात घेऊन दोघांच्या मधोमध उभी होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी रेघा काढलेला काचेचा पेला आप्पांच्या हातात दिला आणि पडद्याआड उभं केलं. बराच वेळ गेला. पेल्यात तळाला जेमतेम आलं, तेही गडद पिवळं. डॉक्टर म्हणाले, "इतनाच? पानी पिये थे ना?" मालक म्हणाले, "जी, पिये." डॉक्टरांनी पेला उजेडात धरून पाहिला. त्यांचं समाधान झालं नाही. असल्या बाबतीत खरं कुणाला माहीत असतं हे त्या शहाण्या माणसाला ठाऊक होतं. चिकाचा पडदा वर करून ते थेट पायरीवर माझ्यापाशी आले.

"बाई, घर में पानी बराबर पीते ना ये?"

मी वर पाहिलं. त्यांच्या मागे आप्पा उभे होते, एका हाताने धोतर सावरत, दुसरा हात डबीवर. दहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी सरळ पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. रागाने नाही, हुकमाने नाही. एखादं लेकरू आईकडे बघतं, तसं बघत होते.

मी पदर तोंडावर ओढला आणि मान हलवली. हो, पितात.

मग नळी घालून डॉक्टरांनी आत उरलेलं काढलं. दुसऱ्या रेघेच्याही खाली राहिलं. "मसाना काम कर रा," ते म्हणाले, "मेरेकू अजब लगता, पर कर रा. अभी चीरना नको. दवा लेना, पानी खूब पीना, हर महिने आके दिखाना." आप्पांनी दोन्ही हात जोडले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला वाटलं, केलं ते चांगलंच केलं.

स्टेशनवर त्यांनी पेढे घेतले. स्वतः बाजारचं खात नव्हते, म्हणून एकही तोंडात घातला नाही. गाडी सुटल्यावर पुडा उघडला आणि पहिला पेढा माझ्यापुढे धरला. खांबाकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. "घे पोरी," म्हणाले. सासरी मला कुणी पोरी म्हटलेलं ते पहिल्यांदा. तो पेढा मी खाल्ला, आणि तो गोड लागला हे लिहितानाही मला आज लाज वाटते.

त्या संध्याकाळी आप्पा सगळा तांब्या प्याले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. एकदा पास झालेल्या माणसाला दर महिन्याला पास व्हायचं होतं. दुसऱ्या तपासणीलाही ते तसेच सुके गेले, आणि त्या खेपेला डॉक्टरांनी मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला होता. पुढे पेरणीच्या तयारीचे दिवस आले, दुकानात दोरासुंभाला गर्दी झाली, आणि त्या निमित्ताने आप्पांनी परभणीला जाणंच सोडलं. त्या उन्हाळ्यात अंगणातला बेल एवढा तरारला की येणारा जाणारा विचारायचा, शेटजी, याला काय घालता? मी रोज सकाळी त्याचीच पानं खुडून त्यांच्या पूजेला ठेवायची.

आणि मी भांडी वाजवत होते. आता थेंबांचा आवाज वेगळा झाला होता. थांबायचाच नाही. रात्रंदिवस थोडं थोडं गळायला लागलं होतं आणि आप्पा धोतराच्या आत फडकं बांधायला लागले होते. ज्याची भीती होती तेच अंगावर आलं होतं. तरी ते पूजा करायचे, कारण कुणाला कळलेलं नाही तोवर ते त्यांच्या लेखी झालेलंच नव्हतं. झाकली मूठ म्हणतात ती हीच.

श्रावणात त्यांना उचकी लागली. दोन दोन दिवस थांबायची नाही. अंगाला खाज सुटली, तोंडाला एक वास यायला लागला, बसल्या जागी डोळा लागायचा. एक दिवस गिऱ्हाइकाने मीठ मागितलं आणि आप्पांनी गूळ जोखून दिला. गिऱ्हाईक हसलं. मी दाराच्या फटीतून पाहत होते, मला हसू आलं नाही. दुकानात सून येत नसे. मी डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांसमोर दुकानात गेले आणि मालकांना म्हणाले, "आप्पा पानी पीत न्हाईत. तपासनीच्या आधीपासून पीत न्हाईत. डॉक्टरला मी लबाड बोलले. उठा, गाडी गाठा." आप्पा गादीवरच होते. त्यांनी डोळे उघडले, मिटले.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा पडला. नळी घातली. सगळं एकदम काढलं तर जीव घाबरतो, म्हणून थांबून थांबून काढत होते. एक बाटली भरली, दुसरी भरली. घोटभर पाणी पिऊन राहणाऱ्या माणसाच्या पोटात एवढं कुठून साठलं होतं? डॉक्टर बाहेर आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "उस दिन तुमीच बोले थे ना, पीते करके?"

"मी लबाड बोलले," मी म्हणाले.

ते मला बोलतील असं वाटलं होतं. बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "डर गये होंगे, बेटा." मग मालकांना बाजूला घेऊन सांगितलं की लघवी मागे तुंबून तुंबून गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, निकामी होत आलीत. आता हैदराबादलाही काही होणार नाही. नळी आतच राहू द्यायची आणि पाणी पाजायचं. जितकं पितील तितके दिवस.

मठाच्या त्याच खोलीत आम्ही त्यांना आणलं. खाटेवर निजवलं, नळीचं टोक खाली बाटलीत. कडेने थोडं पाझरायचंही. मी तांब्या पुढे केला तर त्यांनी मान फिरवली. "पूजा झाली न्हाई." मालक म्हणाले, "करा की मंग पूजा." आप्पा म्हणाले, "असल्या अंगानं?" आणि डबी मुठीत धरून भिंतीकडे तोंड करून पडले. तो दिवस गेला. दुसरा दिवस निम्मा गेला. ओठांना भेगा पडल्या. मालक पायाशी बसून रडायला लागले, तेवढा मोठा माणूस, "पान्याचा घोट घ्या आप्पा, मी तुमच्या पाया पडतो." आप्पा हलले नाहीत.

मी मालकांना औषध आणायला पाठवलं आणि खाटेसमोर जाऊन बसले. खांबासारखी नाही, समोरासमोर.

"आप्पा," मी म्हणाले. "पूजेचा टाइम झालाय."

त्यांनी डोळे उघडले. मी आवाज दिला याचंच त्यांना नवल वाटलं असणार.

"मी नवी हुते तवा तुमी काय म्हणला हुता? लिंगवंताला इटाळ न्हाई. अंगावर लिंग हाय तवर मानूस सोवळाच. तुमच्या त्या बोलावर मी दहा वर्सं पूजा केली, आप्पा. चारी दिवस केली."

ते भिंतीकडून माझ्याकडे वळले.

"मी म्हणलो हुतो व्हय?"

"व्हय. तुमीच."

"ते तुज्यासाठी म्हणलो हुतो."

"लिंग येगळं येगळं असतंय का, आप्पा?"

त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि भेगेतून रक्त आलं. ते मी पदराने पुसलं. मग त्यांना उशीला टेकवून बसवलं, हात धुतले, कपाळाला विभूती लावली. डबी उघडून लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. हात वर राहीना म्हणून मनगट मी धरलं. पिंगळीहून निघताना बेलाची चार पानं मी सवयीने पदराला बांधून आणली होती, त्यातलं एक त्यांनी वाहिलं. खाली बाटलीत थेंब पडत होते, आणि ते त्या तळहाताकडे बघत होते, रोज बघायचे तसे. मी भांडी वाजवली नाहीत.

पूजा झाल्यावर ते सगळा तांब्या प्याले. "आनखी दे," म्हणाले. दुसरा दिला, तोही प्याले. "लय दिसांनी पानी ग्वाड लागलं. कुठलं हाय?"

"इथलंच हाय, आप्पा. मठाच्या हिरीचं."

मालक परत आले तेव्हा बाप मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसलेला आणि तांब्या रिकामा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या उचलून पुन्हा भरून आणला. पुढचे दोन दिवस आप्पांनी सकाळी पूजा केली आणि मागून मागून पाणी प्याले. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा व्हायच्या आधीच गेले. पिंगळीला नेऊन आमच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. लिंग डाव्या तळहातावर ठेवताना क्रिया करणारे जंगम म्हणाले, बोटं आपली आपणच मिटली. मला तेवढं ऐकून तिथून उठावं लागलं.

ते चार शब्द बोलायला मला किती वेळ लागला? एक भाकरी थापायला लागतो, तेवढाही नाही. त्यांचंच बोलणं त्यांना परत द्यायचं होतं. गाडीत ते माझ्या जिभेवर होतं, दवाखान्याच्या पायरीवर होतं, बेलाखालची ओली माती बघताना होतं. माघापासून श्रावणापर्यंत मी ते तोंडात धरून ठेवलं आणि भांडी वाजवत बसले.